इरम्माला हरवणारी अयोध्या

लोहाऱ्यात पंचमीच्या फुगडीत सगळ्यांत सरस कोण होऊन गेली, असं बासष्ट सालानंतर कुणी विचारलं की बायका एका दमात सांगत, "सिदू धनगराची अयोध्या. तिनं इरम्माला हरवली." सांगणाऱ्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. पण कानांनी ऐकलेलं सगळंच खरं नसतं, आणि हे ज्या बाईला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं ती खुद्द अयोध्याच होती. ती जन्मभर इरम्माची भक्त होती, आणि भक्ताच्या हातून देवाचं जेवढं नुकसान होतं तेवढं वैऱ्याच्या हातूनही होत नाही, हे तिला फार लवकर कळलं.

तिनं इरम्माला पहिल्यांदा खेळताना पाहिलं ते पोलीस ॲक्शननंतरच्या पंचमीला. आदल्या साली रझाकारांच्या धास्तीनं बायका वारुळाला गेल्याच नव्हत्या. घरातच पाटावर नाग काढला, त्याला दूध-लाह्या दाखवल्या आणि दाराला कडी लावून बसल्या. त्यामुळं निजामाचं राज्य गेल्यावरची ती पंचमी दोन सालांची एकदम आली. सासरहून आलेल्या लेकी, त्यांच्या आया, नव्या सुना, सगळ्या नटूनथटून गावाबाहेरच्या माळावर जमल्या. आठ-नऊ वर्षांची अयोध्या आईचा, महानंदाचा, पदर धरून गर्दीत उभी होती. मेंढरांमागं वाढलेली पोर ती, इतकी माणसं तिनं एका जागी कधी पाहिली नव्हती. पूजा उरकली, बायकांनी रिंगण धरलं आणि इरम्मा मधे आली.

इरम्मा कानडी मुलखातून लोहाऱ्यात दिलेली, लिंगायताची सून. उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत, आणि बोलायला इतकी कमी की आडावर चार बायकांत उभी असली तरी ती आहे हे कुणाच्या ध्यानात येत नसे. नवरा भाड्यानं बैलगाडी हाकायचा. फुगडी म्हणजे तरी काय? दोघींनी हातात हात अडकवायचे, पायाला पाय भिडवायचे, अंग मागं टाकायचं आणि फिरायचं. सगळ्याच बायका फिरतात. पण बहुतेकींच्या मनात पडायची भीती असते आणि ती मानेत दिसते. मान आखडते, हनुवटी छातीकडं येते. इरम्माची मान मोकळी होती. ती अंग मागं टाकायची ते समोरचीच्या जिवावर टाकल्यासारखं, पुरतं, काही हातचं न राखता. पाय जागचे हलतायत की नाही असं वाटायचं आणि लुगड्याचे काठ दिसेनासे व्हायचे. सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे तिच्या समोर जी कुणी असे, तीही तेवढ्यापुरती चांगली खेळू लागे. मग तिचा दम तुटे, ती "बस" म्हणे, आणि हरूनसुद्धा हसत बाहेर येई.

अयोध्येनं त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण केलं नाही. मेंढरांच्या वाड्याचा मधला खांब दोन्ही हातांनी धरून ती अंग मागं टाकत होती. खांब काही फिरेना. आईनं शेवटी पाठीत धपाटा घालून तिला घरात नेलं.

तिथून तिला इरम्माचं वेडच लागलं. इरम्मा पदर जसा डाव्या बाजूला खोचायची तसा ही आपला परकर खोचू लागली. इरम्मा लोकांची दळणं दळून द्यायची, तर ही हट्टानं घरची ज्वारी तिच्याकडं न्यायची आणि दळून होईतोवर उंबऱ्यात बसून तिचे हात बघायची. महानंदा म्हणायची, "आपल्या घरात जातं न्हाय का? का तुजी हातं झडली?" पोरगी तोवर ज्वारीची पाटी घेऊन निघालेली असे. इरम्मा तिच्याशी फारसं बोलत नसे. कधी पीठ देताना हातावर गुळाचा खडा ठेवी, तेवढंच. तो खडा अयोध्या दोन-दोन दिवस पुरवून खायची.

खेळाचे कायदे होते आणि ते सरकारच्या कायद्यांहून कडक पाळले जात. जिनं आधी "बस" म्हटलं ती हरली. शेवटी जी उरेल तिनं मधोमध उभं राहून आणखी कुणाला यायचंय का विचारायचं. मनात आलं तर एखादीचं नाव घेऊन तिला हाक मारायची. हाक मारलेलीला गप्प बसता येत नसे. एक तर उठून हात द्यायचे, नाहीतर बसल्या जागेवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं "हरले" म्हणायचं, आणि ते बसल्या जागचं हरणं खेळून हरल्याइतकंच धरलं जाई. पोटुशी बाईला हाक मारायची नाही, एवढी एकच सूट. हे सगळं सांभाळायचं काम हरणाबाईकडं होतं. ती गावातली थोरली, तिचा शब्द रिंगणात शेवटचा. उरलेलीच्या ओटीत नारळ घालायचा मानही तिचाच. इरम्मानं कितीतरी जणींकडून "हरले" वदवून घेतलं होतं. तिनं स्वतः तो शब्द कधी उच्चारला नव्हता.

पुढं चार-पाच सालांत इरम्माचा नवरा तापानं गेला. पदरी मूलबाळ नव्हतं. तिच्या कपाळावर नुसती विभूती राहिली, आणि पंचमीच्या रिंगणात विधवा बाईनं पाय ठेवायचा नाही हे कुणाला तिला सांगावं लागलं नाही. ती आपण होऊन माळाच्या कडेला, लिंबाखाली जाऊन बसली. तिथं बसलीच आहे म्हटल्यावर एकीनं आपलं तान्हं तिच्या मांडीवर ठेवलं, मग दुसरीनं ठेवलं. पुढच्या सालापासून ती रीतच पडली. लेकुरवाळ्या बायका येताना आपली पोरं इरम्माच्या हवाली करत आणि खेळायला मोकळ्या होत. जिनं या माळावर सगळ्यांना फिरवलं ती रडकी पोरं मांडीवर हलवत दुसऱ्यांच्या फुगड्या बघायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसाला सोयीच्या गोष्टीत वावगं दिसत नाही.

अयोध्येला ते दिसायचं. ती आता खेळू लागली होती. आधी थोरल्या बहिणींशी, मग गल्लीतल्या पोरींशी. लग्न होऊन ती तुळजापूरकडं तामलवाडीला गेली, तरी पंचमीला माहेरी यायचं ती चुकवत नसे. एसटीतून उतरली की आईच्या हातात पिशवी द्यायच्या आधी विचारायची, "इरम्माअक्का बरी हाय न्हवं?" रिंगणात ती अंग मागं टाकायची ते इरम्माला आठवून, आणि फिरता फिरता तिची नजर लिंबाकडं जायची. इरम्माची मान होकारार्थी हलली असं वाटलं की तिला नारळाची गरज उरत नसे. तरी नारळ मिळू लागले. एका सालामागून एक, ओळीनं. जुन्या खेळणाऱ्या जणी थकल्या होत्या, नव्या तिच्याएवढ्या तयार नव्हत्या. गादी रिकामी होती म्हणून आपण बसलो, हे तिला कळत होतं. लोकांना ते कळावं असं तिला वाटे, पण तसं कधी बोलायची वेळ आली नव्हती.

ती वेळ बासष्ट सालच्या पंचमीला आली. अयोध्येची पहिली लेक तेव्हा पाच-सहा महिन्यांची होती, आणि तीही रिवाजाप्रमाणं लिंबाखाली इरम्माच्या मांडीवर होती. बाळंतपणानंतरची अयोध्या, तरी तिच्यासमोर कुणी टिकलं नाही. शेवटी ती एकटी उरली. हरणाबाई नारळ घेऊन पुढं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "म्या ह्या माळावर लई खेळणाऱ्या बघितल्या. पर ही पोर इरम्मापरीस बी सरस निघाली. इरम्माचं नाव पुसलं बघा हिनं."

हरणाबाईच्या मनात वाईट काही नव्हतं. कौतुक करायचं म्हटलं की कुणाला तरी खाली बसवावं लागतं, अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते. बायका हसल्या, कुणी टाळ्या पिटल्या. अयोध्येच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. ज्या बाईचे हात बघत ती लहानाची मोठी झाली तिचं नाव तिच्याच हातून पुसलं म्हणे. तेही ती बाई तिथंच, हाकेच्या अंतरावर बसलेली असताना.

"नारळ ठेवा, हरणाबाई," ती म्हणाली. "इरम्माअक्का अजून कुणाला हरली न्हाय." एवढं म्हणून ती थांबली असती तर ही गोष्ट सांगायला कुणी बसलं नसतं. पण तिला वाटलं, सगळ्यांनी एकदा तिकडं वळून बघावं. ती कोण बसलीय, कुणाच्या मांडीवर आपण पोरं टाकून येतो, हे एकदा सगळ्यांना दिसावं. म्हणून रिंगणाच्या मधोमध उभी राहून तिनं लिंबाकडं तोंड केलं आणि मोठ्यानं हाक मारली, "इरम्माअक्का!"

हाक तोंडातून गेली आणि रिंगणातल्या सगळ्या माना लिंबाकडं वळल्या. मग आपण काय करून बसलो ते अयोध्येला कळलं. ही नुसती हाक नव्हती. उरलेल्या बाईनं रिंगणातून नाव घेऊन मारलेली हाक होती, आणि तिला एक तर हात तरी द्यावे लागतात, नाहीतर तो शब्द तरी. पोटुशीला सूट होती. विधवेला सूट ठेवावी असं कुणाला सुचलंच नव्हतं, कारण विधवेला कुणी हाक मारील असंच कुणाला वाटलं नव्हतं. मान द्यायला गेलेल्या अयोध्येनं इरम्माला भर माळावर अशा जागी आणून उभं केलं होतं की उठली तर अब्रू गेली आणि बसली तर नाव गेलं.

अयोध्येनं हरणाबाईकडं पाहिलं. हरणाबाईनं मान फिरवली. हाक परत घेता येत नाही हे तिलाही ठाऊक होतं.

लिंबाखाली इरम्मा जराशी पुढं वाकली. मांडीवरची पोर तिनं छातीशी धरली. मग तिचा आवाज आला, स्वच्छ, घाई केल्यासारखा. "हरले," ती म्हणाली.

हरणाबाईनं नारळ अयोध्येच्या ओटीत घातला. ती नको म्हणत होती, पण तिचं म्हणणं ऐकायला कोण रिकामं होतं? इतक्या सालांत जी हरली नाही ती आज हरली होती, आणि बायकांना वर्षभर पुरेल एवढं बोलायला मिळालं होतं. अयोध्या पोर घ्यायला लिंबाखाली गेली तेव्हा इरम्मा दुसऱ्या कुणाचं लेकरू खांद्यावर घेऊन पाठमोरी उभी होती. तिनं खाली निजवलेली पोर हातानं दाखवली, पण वळून पाहिलं नाही.

दोन दिवस अयोध्या माहेरी कोपऱ्यात बसून राहिली. महानंदानं समजूत घातली, "अगं, जिंकलीस की. रडायलीस कशापायी?" तामलवाडीला परतायचा दिवस जवळ आला तशी अयोध्या उठली. बाजाराचा दिवस होता, दुपारी सगळी गल्ली बाजारात गेलेली. पोरीला काखेत घेऊन ती इरम्माच्या दारात जाऊन उभी राहिली.

इरम्मा अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. अंगण कसलं, चार हात जागा, भोवती मातीची भिंत. वर न बघता ती म्हणाली, "ये. पोरीला घोंगडीवर निजव."

अयोध्येनं पोरीला निजवलं आणि तिच्या पायाशी बसली. "अक्का, म्या तुमचं वाटोळं केलं," ती म्हणाली. "त्या म्हणायल्या, म्या तुमच्यापरीस सरस. म्या तुमचा हात बी कधी धरला न्हाय. मग सरस कशावरून? समद्यांनी तुमाला बघावं म्हणून हाक मारली. फुडचं ध्यानातच आलं न्हाय."

इरम्मानं सूप खाली ठेवलं. ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि ते अयोध्येला जास्त जड गेलं.

"त्या माळावर मला नावानं कुणी हाक मारून लई सालं झाली," ती म्हणाली. "समद्या म्हणत्यात, पोर धरा, पोर द्या. तू नाव घेतलंस आन् माजे पाय उठले बघ. मांडीवर लेकरू हाय हे बी इसरले. आणखी एक हाक मारली असतीस तर म्या आले असते, अशी पांढऱ्या कपाळानं. मग ह्या बायकांनी मला त्या लिंबाखाली बी बसू दिलं नसतं. म्हणून चटदिशी म्हणले, हरले. तुला वाटलं असंल अपमान झाला. मला पाय आवरायचे व्हते, दुसरं काय न्हाय."

अयोध्येला रडू आवरेना. ज्या शब्दानं आपण हिला मारलं असं तिला दोन दिवस वाटत होतं, तो शब्द हिनं स्वतःला धरून ठेवायला वापरला होता. इतकी ओढ अजून शिल्लक होती, आणि ती माळावर कुणाला दिसली नव्हती. इतकी वर्षं त्या लिंबाकडं बघणाऱ्या अयोध्येलासुद्धा.

"रडू नको," इरम्मा म्हणाली. "ऊठ. कडी लाव."

अयोध्येला कळलं नाही.

"दाराला कडी लाव गं."

कडी लावून ती वळली तर इरम्मा अंगणात उभी होती. पदर डाव्या बाजूला खोचलेला, हात पुढं केलेले. दळून दळून त्या तळव्यांना घट्टे पडले होते. लहानपणापासून बघितलेले ते हात अयोध्येनं पहिल्यांदा आपल्या हातात धरले. पाय भिडले. दोघी फिरू लागल्या. अयोध्या जपून खेळत होती. समोर चाळिशी ओलांडलेली बाई, आठ-नऊ वर्षं न खेळलेली, तिला इजा होऊ नये असं तिला वाटत होतं.

"राखून खेळायलीस," इरम्मा म्हणाली. "लाज न्हाय वाटत?"

मग अयोध्येनं अंग टाकलं, पुरतं, जसं तिनं मेंढवाड्यातल्या खांबाला धरून शिकायचा प्रयत्न केला होता. आणि इरम्मानं तिला तोलून धरलं. पायाखालचं अंगण गेलं, भिंती गेल्या. समोर फक्त तो सावळा चेहरा आणि ती मोकळी मान राहिली. आपण इतकं चांगलं कधीच खेळलो नव्हतो हे अयोध्येला फिरता फिरता कळत होतं. हे आपल्यामुळं नाही, हेही कळत होतं. गती वाढत गेली. तिचा श्वास पुरेना, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि तिच्या तोंडून शब्द गेला, "बस, अक्का, बस."

कुणी म्हणेल, अयोध्येनं मन राखायला सोडून दिली असेल. तसं ज्याला वाटेल त्यानं फुगडी खेळली नाही एवढंच म्हणता येईल. ती हरली होती, आणि तिला झालेला आनंद असा होता की तो कुठं ठेवावा हे तिला उमगत नव्हतं.

इरम्मा भिंतीला टेकून धापा टाकत होती. तोंडावर पाणी वाहत होतं, घामाचं की डोळ्यांचं ते सांगता आलं नसतं. "आणखी एक," ती म्हणाली. दुसऱ्या फेरीत सारवलेल्या जमिनीवर तिचा पाय सरकला आणि दोघी धपकन खाली बसल्या. इरम्मा गुडघा चोळत राहिली. तिसरी ती मागणार नाही हे अयोध्येला दिसलं.

"आता समद्यास्नी सांगते," अयोध्या म्हणाली. "म्या हरले म्हणून. हरणाबाईला घरी जाऊन सांगते."

"सांग की," इरम्मा म्हणाली. "इचारतील, कुठं हरलीस? कवा? काय सांगशील?"

विधवा बाई कडी लावून अंगणात फुगडी खेळली, हे सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. आणि ते सांगितलं तर इरम्माला या गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. सगळ्या गावाला ठाऊक व्हावं म्हणून जिनं भर माळावर हाक मारली, तिला आता खरं काय ते पोटात घालून बसायचं होतं. घोंगडीवरची पोर जागी होऊन रडू लागली तशी ती उठली, इरम्माच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोरीला घेऊन निघाली.

पुढच्या पंचमीला ती आली, वारुळाची पूजा केली आणि रिंगणात न जाता सरळ लिंबाखाली इरम्माच्या शेजारी जाऊन बसली. हरणाबाईनं माणूस धाडलं, मग स्वतः आली. "खेळत का न्हाईस गं?"

"मन न्हाय," अयोध्या म्हणाली.

मन होतं. पायही होते. पण हरलेल्या बाईनं जिंकलेलीच्या नावावर कसं खेळायचं? आणि खेळून पुन्हा नारळ घेतला असता तर खोट्यावर आणखी एक थर चढला असता. हे काही तिला बोलून दाखवता येत नव्हतं. रिंगणातल्या बायकांनी मग आपापल्या परीनं अर्थ लावला आणि तो लिंबापर्यंत ऐकू यावा इतक्या मोठ्यानं बोलून दाखवला. "इरम्माला हरवली तवापासून माज आलाय. आमच्यासंगं खेळायला कमीपणा वाटतो बाईला."

ते ऐकून इरम्माचा चेहरा बदलला. मांडीवरचं लेकरू बाजूला ठेवून ती उठू लागली. "म्या सांगते त्यांना," ती म्हणाली. "काय हुईल ते हू दे."

अयोध्येनं तिचं मनगट धरलं. "बसा, अक्का. तुमी माझ्यापायी हरले म्हणलाव. आता एवढा माज माझ्या नावावर राहू द्या."

इरम्मा हळूहळू खाली बसली. समोर दोन नव्या पोरी हातात हात अडकवून उभ्या राहिल्या होत्या. एकीची मान आखडलेली होती, आणि लिंबाखालून इरम्मा आणि अयोध्या त्या मानेकडं बघत बसल्या.